रावणाचं नाक

ब्लडप्रेशर वाढलं म्हणून जैतू जव्हारच्या दवाखान्यात भरती झाला होता. सकाळी त्याच्या नाकातून अचानक रक्त वाहायला लागलं. पण रक्तापेक्षा त्याला घोर होता तो सोंगाचा. परवा त्याच्या गावी, पोशेऱ्याला, बोहाडा म्हणजे देवादैत्यांच्या सोंगांचा उत्सव, आणि रावणाचा जड मुखवटा बांधून नाचायचा मान त्याच्या घराचा. त्या मानावर चुलतभाऊ गोरखचा डोळा होता.

नेमका गोरखच भेटायला आला. आल्या आल्या त्याने जैतूची मान मागे टाकली आणि फोडलेला कांदा नाकाला लावला.

"सोडा त्यांना! रक्त घशात उतरेल," पुष्पलता सिस्टर ओरडल्या. त्यांनी जैतूला पुढे वाकवून बसवलं आणि नाकाचा मऊ भाग चिमटीत धरायला लावला. "पंधरा मिनिटं सोडायचं नाही. तोंडाने श्वास घ्या, आणि बोलायचं नाही. नाही थांबलं तर डॉक्टर नाकात पट्टी भरतील. मग तीन दिवस मुक्काम."

म्हणजे बोहाडा बुडाला. जैतूने नाक गच्च धरलं.

"गेल्या साली तुझा पाय चुकला," गोरख सहज म्हणाला.

"कुनाचा?" चिमटी सुटली, रक्त सुरू. सिस्टरांनी वेळ पुन्हा पहिल्यापासून मोजली.

"आन् तलवार उलटी धरलेली."

"तुझ्या बापानं!" पुन्हा रक्त.

तिसऱ्यांदा वेळ मोजायची पाळी आली तेव्हा सिस्टरांचं डोकं फिरलं. "आता यांचं नाक तुम्हीच धरा," त्या गोरखला म्हणाल्या. "सुटलं तर बघा!"

जैतूचं नाक वैऱ्याच्या हातात गेलं. गोरखला टोमणे मारायला रान मोकळं होतं. पण टाळी एका हाताने वाजत नाही. उत्तरच येईना, तेव्हा पाच मिनिटांत त्याचे टोमणे संपले. दहाव्या मिनिटाला तो हळूच म्हणाला, "दादा, मान मागतो खरा, पन मना तुझ्यासारखा नाचाया येत नाय."

रक्त थांबलं. जैतू खूश होऊन उठायला लागला.

"आठ दिवस डोक्यावर ओझं नाही, वाकणं नाही, नाच तर नाहीच," सिस्टर म्हणाल्या.

जैतूच्या डोळ्यांत पाणी आलं. तीस वर्षांत त्याचा एकही बोहाडा चुकला नव्हता. गोरखचाही चेहरा उतरला. पण सोंग रिकामं राहिलं तर गाव काय म्हणेल?

"उभा रा," जैतू गोरखला म्हणाला. "आधी उजवा पाय."

गोरख दोन खाटांच्या मध्ये नाचू लागला. तिसऱ्याच पावलाला चुकला. जैतूने शिवी द्यायला तोंड उघडलं, सिस्टरांकडे पाहिलं, आणि स्वतःचं नाक चिमटीत धरून मुकाट्याने टाचेने फरशीवर ठेका धरला.