वीटस्वामींचे गुडघे

सूर्य कलला की चोळपुरमजवळच्या तळ्याच्या पायऱ्यांवर मुंगी शिरायला जागा उरत नसे. लाकडी फळीवरून धावत येऊन वीटस्वामी विटकरी पाटावर उडी घेत, आणि पाट पाण्याच्या वीतभर वरून चालू लागे. दोर नाही, मोटर नाही. "विठुरायाच्या विटेची ही धाकटी बहीण. टाळ जितका जोरात, तितकी ती उंच," स्वामी ओरडत. मग तमिळनाडूतल्या कुंभकोणमला पिढ्यान्पिढ्या राहिलेली मराठी मंडळी हात दुखेपर्यंत टाळ कुटत.

मधुमिताला या साऱ्याची किळस आली होती. शेजारी तिचे वडील राजगोपाल बसले होते. स्वामींच्या शब्दावर त्यांनी इन्शुलिन सोडलं होतं आणि पायाच्या जखमेवर तळ्याच्या पाण्याची पट्टी बांधली होती. पट्टीला कुजका वास येत होता. आणखी उशीर केला तर पाऊल कापावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"अप्पा, आत्ता दवाखान्यात चलूं."

"सामी मण्तात, सुई टोचली की वीट रुसते. तूं नको बोलूं."

मधुमिता फिजिओथेरपिस्ट होती. लोक स्वामींचा चेहरा पाहत, ती गुडघे पाही. ते वाकत, दाबत, पुन्हा वाकत. क्षणाची उसंत नव्हती. नडग्यांवर काळेनिळे वण होते. भक्त त्यांना तपाच्या खुणा म्हणत, पण शंभरदा आपटून काहीतरी शिकलेला माणूस तिला बरोबर ओळखू येई.

ती उठली. "टाळ थांबवा. आपला विठ्ठल उड्या मारतो कां? तो कमरेवर हात ठेवून उभा असतो. सामींनी तसं दर्शन द्यावं."

भजनाच्या पुढारी विशालाक्षीबाईंनी टाळ खाली ठेवले. "खरंच की. सामी, उभं दर्शन द्या."

"वीट आज दमली आहे," स्वामी धापा टाकत म्हणाले. पण पायरीपायरीवरून तीच मागणी उठली. शेवटी त्यांनी कमरेवर हात ठेवून गुडघे ताठ केले. पाट थोडा सरकला, मंदावला आणि स्वामी कमरेवरच्या हातांसकट हिरव्या पाण्यात गेले.

मधुमिताने काठाशी तरंगत आलेला पाट ओढून उलटा केला. खाली लांब काळा दांडा, त्याच्या टोकाला विमानाला असतो तसा पंख. "पायांनी दाबत राहिलं की पंख पुढे सरकतो, पाणी त्याला वर उचलतं. थांबलं की बुडालं. समुद्रकाठची पोरं हा खेळ शिकतात."

मग पाट पुन्हा पाण्यात सोडून, फळीवरून धावत तिने स्वतः त्यावर उडी मारली आणि सपशेल तोंडावर आपटली. शेवाळ पुसत म्हणाली, "मला सराव नाही, एवढंच. भक्तीचा यात संबंध नाही. विठ्ठलाला हात जोडा, पण कुणी औषध सोडा म्हणाला की टाळ थांबवून पाण्याखाली पाहा."

राजगोपालांनी पाण्यात उलट्या पडलेल्या पाटाच्या पंखाकडे पाहिलं. मग त्यांनी पट्टी सोडली. वासाने त्यांनी स्वतःच नाक दाबलं.

"रिक्षा बोलाव," ते म्हणाले.