सातव्या खुंटीवरचा निळा स्कार्फ

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुंटी आहे. पाळणाघराच्या दाराशी आम्ही सात जणी होतो. मी सातवी, आणि बाकीच्या सहांपेक्षा चांगली दोन हात खाली. माझ्या जागी भिंतीत दगड लागला, तेव्हा सुतार म्हणाला, "पोरांचंच घर आहे, कोण मोजायला येतंय!" आणि मला खाली ठोकून तो मोकळा झाला.

माझ्यावर पिशवी अडकवली असती, तर ती जमिनीला टेकली असती. म्हणून साऱ्या आया वरच्या सहांवरच पिशव्या चढवत. "मेलं, किती ओझं!" असं शेजारणी कुरकुरायच्या. मला त्यांचा हेवा वाटे. एवढ्या गजबजाटात मी एकटीच रिकामी होते.

मग ठमी आली. दहा महिन्यांची, गालांचे नुसते लाडू! तिची आई शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. ती ठमीच्या हाती खुळखुळा द्यायची आणि लेक रमली की तिच्या हातावर तुरी देऊन मागच्या दाराने पसार व्हायची. ठमी हसत मान वळवायची, तर आई नाही! ते तोंड मला बघवत नसे.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. चौथ्या दिवशी ठमीने खुळखुळा भिरकावला. ती खेळेना, जेवेना, आई असेपर्यंत दोन्ही मुठींत तिची बाही धरून बसे. डोळा लागला तरी दचकून उठे.

पाळणाघराच्या मावशी तोंडाने फटकळ होत्या. त्या म्हणाल्या, "पोरीच्या पोटात अन्न नाही. असंच चाललं तर मी नाही ठेवून घ्यायची. मग तुला कामावर पाणी सोडावं लागेल."

आईचे डोळे भरले. "तिचं रडणं बघवत नाही हो मावशी. म्हणून गुपचूप जाते."

"तुला बघवत नाही म्हणून तिला फसवतेस होय? रडू दे की! पण तोंडावर सांगून जा. आणि तुझं काहीतरी ठेव इथे, तिला दिसेल असं."

आईने गळ्यातला निळा स्कार्फ काढला. वरच्या सहा भरलेल्या होत्या. उरले मी. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर कोणी काही ठेवलं, मित्रांनो!

"येते हं, ठमे," आई म्हणाली. ठमीने घर डोक्यावर घेतलं. संध्याकाळी आई आली, स्कार्फ काढला, लेकीला उचललं. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्याही. हळूहळू रडणं आखडत गेलं. ठमी रांगत यायची, स्कार्फचं टोक ओढून बघायची आणि पुन्हा खेळायला जायची. मी खाली होते म्हणूनच तिचा हात पोचत होता.

एकदा आईला फार उशीर झाला. सगळी मुलं गेली, वरच्या सहाही खुंट्या रिकाम्या झाल्या. मावशी सारख्या दारात जाऊन बघत होत्या. ठमी मात्र माझ्याखाली येऊन बसली, स्कार्फचं टोक गालाशी धरून. ओठ थरथरले, पण ती रडली नाही. आई धापा टाकत आली, तेव्हा ठमी नुसती हसली. आई येणारच होती, हे तिला ठाऊक होतं.

पुढे ठमी शाळेत गेली, मावशी थकल्या. एका दुपारी माणसं आली. पाळणे, चटया, खुळखुळे उचलून घेऊन गेली. दाराला कुलूप लागलं. मला कोणी काही सांगितलं नाही.

म्हणून सांगते, मित्रांनो, घरातलं तान्हं रडेल म्हणून त्याला चुकवून पळू नका. त्याच्याकडे बघा, "येतो" म्हणा, आणि खरंच या. ठमीला ते मिळालं, म्हणून तिला वाट बघता आली. मला कोणीच "येते" म्हटलेलं नाही. तरी दाराशी पाऊल वाजलं की वाटतं, आता कोणीतरी निळा स्कार्फ अडकवील.