चुकून आणलेला एक्केचाळीस नंबर

टर्नस्टोन बेच्या फुटबॉल क्लबने मला चुकून घेतलं आणि मी तिथे मुद्दाम राहिलो. यातला पहिला भाग क्लब अजून कुणाला सांगत नाही, म्हणून मीच सांगतो.

आमचं गाव कर्कुला. समुद्रापासून चारशे किलोमीटर आत. गहू, मेंढ्या आणि धान्य साठवायचा एक उंच सायलो. सायलोवर कुणा कलाकाराने भलामोठा पोपट रंगवलाय. लोक गाडी थांबवतात, फोटो काढतात आणि पुढे जातात. पोपटानंतर गावात बघण्यासारखं काही असेल तर माझा धाकटा भाऊ लाइल. तो दर शनिवारी गोल मारायचा आणि मी दर शनिवारी बाकावर बसायचो. सहा वर्षं. बाकावर माझ्या बुडाचा खळगा पडलाय असं लोक म्हणायचे. मी तपासून पाहिलं. थोडासा होता.

गेल्या ऑगस्टमध्ये एका सामन्यात लाइलच्या नाकावर कुणाचं तरी कोपर बसलं. रक्त लागलेली जर्सी घालून मैदानात राहता येत नाही, असा नियम आहे. जादाची जर्सी कुणाच्या तरी घरी दोरीवर वाळत होती. मग माझ्याच अंगातली काढून त्याला घातली. एक्केचाळीस नंबर. मी ब्लँकेट गुंडाळून उघडा बसलो, आणि लाइलने एक्केचाळीस नंबरात नऊ गोल मारले.

त्या दिवशी मैदानाच्या कडेला लावलेल्या गाड्यांपैकी एकीत एक माणूस मटणाचा पाय खात बसला होता. पाय म्हणजे पेस्ट्रीतला, बकऱ्याचा नव्हे. हा टर्नस्टोन बेचा कोच क्विग्ली. सगळे त्याला क्विग्स म्हणतात. दुसऱ्याचा खेळाडू पळवायला आला होता, त्यामुळे गाडीतून उतरला नाही आणि कुणाला काही विचारलंही नाही. एक डॉलरच्या सामनापत्रिकेत त्याने नंबर शोधला: ४१, एन. हपॅट्झ. म्हणजे मी. नेव्हिल.

आठवड्याने त्याचा फोन आला.

"नऊ गोल! काय रे, माणूस आहेस का कोण!"

"एक्केचाळीस नंबरचा दिवस चांगला गेला," मी म्हणालो. यात एक अक्षर खोटं नाही.

"इकडे ये. कालवांच्या शेडमध्ये काम मिळेल, राहायला कॅरॅव्हान, दारात समुद्र. काय म्हणतोस?"

तोवर मला कुणी 'इकडे ये' म्हटलं नव्हतं. 'जरा सरक' म्हणायचे. मी हो म्हणून टाकलं.

जेवताना घरी सांगितलं. बाप म्हणाला, "ईस्टरपर्यंत परत येशील." लाइल म्हणाला, "त्याच्या आधी." शेत लाइलचं होणार हे ठरलेलंच होतं. माझ्या खोलीचंही ठरलेलं असावं, कारण मी गाडीत सामान भरेपर्यंत तिथे बियाण्याची चार पोती येऊन पडली होती.

मार्चमधला पहिला सराव. क्विग्सने मला सगळ्यांपुढे उभं केलं. "पाणकावळ्यांनो, हा आपला नऊ गोलवाला." आमच्या क्लबचं नाव पाणकावळे. "दाखव रे यांना."

मी लाथ मारली. आमच्या फुटबॉलमध्ये चेंडू हातातही धरतात, आणि तो दोन्हीकडून निमुळता असतो, त्यामुळे त्याला स्वतःची मतं असतात. तो कँटीनच्या पत्र्यावर गेला.

"वारा," क्विग्स म्हणाला.

दुसरा पार्किंगमध्ये गेला.

"वाराच," क्विग्स म्हणाला, पण जरा हळू.

तिसऱ्याच्या वेळी वारा पडला होता. चेंडू परत पत्र्यावर गेला. बाकीचे पाणकावळे आपापल्या बुटांकडे बघत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी क्विग्स कालवांच्या शेडमध्ये आला. मी कमरेइतक्या पाण्यातून नुकताच वर आलो होतो, कालवांच्या टोपल्या उलटून. त्याचा चेहरा शेडमधल्या मालापेक्षा घट्ट मिटलेला.

"तुझ्या बापाशी बोललो. तो म्हणाला, थोरलं नेलंत? ते कशाला?"

मला हे लागलं. मी हातमोजे काढले, परत घातले.

"तू मला सांगितलं का नाहीस?" क्विग्सने विचारलं.

"तू गाडीतून उतरून विचारलं का नाहीस?"

त्याने खिशातून एक फॉर्म काढला. आमच्या लीगमध्ये बाहेरगावचे चारच खेळाडू नोंदवता येतात. चौथा मी होतो. मी सही करून नाव काढलं तरच जागा मोकळी होणार, आणि बदल करायची मुदत तीस जून, संध्याकाळी पाच. त्यानंतर हंगाम संपेपर्यंत यादी बंद.

"मला गोल मारणारा माणूस पाहिजे, नेव. खरा. सही कर, घरी जा. मी काही मनात ठेवणार नाही."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. मी काम करतो, सरावाला येतो, वर्गणी भरली आहे. चूक तुझी झाली. ती दुरुस्त करायला मी चारशे किलोमीटर का जाऊ?"

क्विग्सने शेडच्या मालकिणीकडे पाहिलं. ग्लेनिस ट्रेझोना. कालवं तिची, कॅरॅव्हान तिची, आणि क्लबची चिटणीसही तीच. "ग्लेनिस, तू याला कामावरून काढ ना. मग आपोआप जाईल."

"काय म्हणून काढू?"

"नऊ गोल मारले नाहीत म्हणून!"

"कालवं उलटायला मला गोल लागत नाहीत," ग्लेनिस म्हणाली. "तू बाजूला हो, ओल्यात उभा आहेस."

तेव्हापासून क्विग्सने मला राखीव संघात टाकलं आणि फॉर्म माझ्यामागे लावला. तो माझ्या बुटात सापडायचा. गाडीच्या काचेवर, वायपरखाली सापडायचा. एकदा पाऊस पडला म्हणून त्याने तो लॅमिनेट करून आणला. त्यावर सही होत नाही हे दोघांच्या एकदमच लक्षात आलं. "उद्या दुसरा आणतो," तो म्हणाला. मी म्हणालो, "आण."

मी मंगळवारी आणि गुरुवारी सगळ्यांच्या आधी मैदानात असायचो. खेळ सुधारला असं म्हणणार नाही. पत्र्यावर जाणारे चेंडू आता पत्र्याच्या अलीकडे पडत. पोरं टोमणे मारायची, "काय रे नेव, आज जर्सीच्या आत कोण आहे?" मी सांगायचो, "मीच. कपडे उधार देणं बंद केलंय." पण इथे मला कुणी लाइलचा भाऊ म्हणत नव्हतं. 'तो चुकून आलेला' म्हणत. कर्कुलाच्या हिशोबाने ही बढती होती.

ईस्टरच्या सोमवारी मी बापाला फोन केला. "ईस्टर झाला," मी म्हणालो. "बरं मग?" तो म्हणाला. "काही नाही, सांगितलं," म्हणालो आणि ठेवला.

तीस जून शनिवारीच आला. घरच्या मैदानावर पोर्ट मॅरियटशी सामना. आमचे तिघे ट्यूना पकडायला बोटीवर गेलेले, दोघांना फ्लू, आणि एकाचं त्याच दिवशी लग्न. हंगामाच्या मधोमध लग्न ठेवणाऱ्याशी क्विग्स आजही बोलत नाही. मैदानात उतरायला लागणारे अठरा भरेनात, म्हणून मला मुख्य संघात घ्यावं लागलं. क्विग्सने माझं नाव फळ्यावर लिहिलं ते खडू मोडून.

पार्किंगमध्ये एक निळी पिकअप उभी होती. आत टायरोन पेनहॉल. ॲडलेडहून आलेला, खरा गोल मारणारा. क्विग्सने यावेळी गाडीतून उतरून, ओळखपत्र बघून खात्री करून घेतली होती. माझी सही झाली की त्याचं नाव लागणार आणि पुढच्या शनिवारपासून तो खेळणार. ग्लेनिस कँटीनमध्ये लॅपटॉप उघडून बसली होती, एका बाजूला टोमॅटो सॉसची बाटली, दुसऱ्या बाजूला लीगची यादी.

आम्ही पहिल्यापासूनच हरत होतो. चारपैकी तिसरा डाव संपला तेव्हा एकसष्ट गुणांनी मागे. मधल्या सुट्टीत संत्र्याच्या फोडी फिरल्या, आणि माझ्या फोडीबरोबर फॉर्म आला.

"ऐक," क्विग्स सगळ्यांसमोर म्हणाला. "मर्दासारखा सौदा करू. शेवटच्या डावात एक गोल मार. मारलास, मी हा फाडतो. नाही मारलास, सही."

पोरं वळून बघायला लागली. हा सौदा त्यांना आवडला. कुणाला आवडणार नाही!

"नाही," मी म्हणालो.

"घाबरलास?"

"नाही. गोल मारला तर राहीन म्हटलं, की नाही मारला तर जायला पाहिजे हे कबूल केल्यासारखं होतं. मी राहणार आहे. गोल हा वेगळा विषय आहे."

क्विग्सने तोंड उघडलं. त्यात संत्र्याची फोड होती, म्हणून परत मिटलं.

शेवटच्या डावात पाऊस लागला. मी माझ्या जागेवर उभा होतो. जागेवर उभं राहण्यात माझा सहा वर्षांचा अनुभव आहे, फक्त यावेळी कडेला नव्हतो. अगदी शेवटी आमच्या कप्तानाने नाइलाजाने, डोळे मिटून चेंडू वर उडवला. माझ्यावर पहारा देणारा पोर्ट मॅरियटचा गडी घसरला आणि चेंडू येऊन माझ्या छातीवर बसला. मी त्याला मिठी मारली. झेल. हंगामातला पहिला. त्याच क्षणी भोंगा वाजला.

सामना संपला. पण भोंग्याआधी झेल घेतला असेल तर त्याची लाथ मारायचा हक्क राहतो. आम्ही एक्क्याऐंशी गुणांनी हरलो होतो आणि गोलाचे मिळतात सहा. लोक खुर्च्या गुंडाळायला लागले. गोलाच्या खांबांपाशी उभ्या असणाऱ्या पंचाने निशाणं गुंडाळून पाय खायला घेतला होता.

"सोड ना गड्या," घसरलेला गडी म्हणाला. "काय फरक पडतो? थंडीने मरतोय मी."

"हक्काची आहे," मी म्हणालो. "तू तिथे उभा राहा."

त्याला राहावं लागलं. बाकीच्यांनाही राहावं लागलं, कारण माझी लाथ होईपर्यंत सामना संपत नाही. मी मोजे वर ओढले. नाडी सोडून पुन्हा बांधली. पस्तीस माणसं पावसात माझी वाट बघत उभी होती. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

तेवढ्यात क्विग्स छत्री घेऊन मैदानात आला. छत्रीखाली फॉर्म. "पावणेपाच झालेत. सही कर आणि मग मार."

मी मुख्य पंचाकडे वळलो. तो गावातला प्लंबर. "हा माणूस खेळ अडवतोय."

"क्विग्स, बाहेर," प्लंबर म्हणाला.

"अरे पण—"

"बाहेर! मला सहाला एक तुंबलेला संडास उघडायचाय."

क्विग्स रेषेबाहेर गेला. मी बारा पावलं मागे गेलो, धावलो आणि मारली. चेंडू वर गेला, त्याने विचार केला, आणि चार खांबांपैकी मधल्या दोघांच्या डावीकडून, बाहेरच्या खांबाच्या आतून पलीकडे पडला. गोल नाही. पण इतकं जवळ चुकलं तर आमच्याकडे एक गुण देतात. खांबाजवळच्या पंचाने पाय तोंडात धरला आणि एक निशाण हलवलं.

गोल झाला की गाड्या हॉर्न वाजवतात. एका गुणाला कुणी वाजवत नाही. एकच वाजला, निळ्या पिकअपचा. पेनहॉल नंतर म्हणाला, कोपर लागलं.

मी चालत कँटीनपाशी आलो. क्विग्स दारातच होता. पेन, फॉर्म, सगळं हातात.

"सात मिनिटं," तो म्हणाला.

"पाय उरलाय का, ग्लेनिस?" मी विचारलं.

"एक आहे. थंड झालाय."

"चालेल."

मी काउंटरला टेकून उभ्याने खाल्ला. क्विग्स घड्याळाकडे बघत होता, मी क्विग्सकडे. पेनहॉलने काच खाली करून डोकं बाहेर काढलं, आमच्याकडे थोडा वेळ बघितलं आणि काच वर केली. पत्र्यावर फक्त पाऊस बोलत होता. पाच वाजले तसा ग्लेनिसने लॅपटॉप मिटला. "यादी बंद," ती म्हणाली आणि सॉसची बाटली पुसायला घेतली.

निळी पिकअप वळली आणि रस्त्याला लागली. क्विग्स ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला. मग त्याने फॉर्म चुरगळून कचऱ्याच्या डब्याकडे फेकला. तो डब्याच्या बाहेर पडला.

"मंगळवारी साडेपाचला ये," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "सहाच्या सरावाआधी. एकटा. पाय कुठे आणि चेंडू कुठे, हे तुला पहिलीतल्या पोरासारखं शिकवावं लागणार."

"पाचला येतो."

"साडेपाच म्हटलं मी."

"ऐकलं," मी म्हणालो. "मी पाचलाच येणार."