टॉवेलखालचा जन्म

मी बर्नादेतची बॉडी बोलतेय. तिची मुलगी ग्लेनिशा मला ब्रा म्हणते, पण बर्नादेतच्या तोंडी 'बॉडी'च बसलंय, तेही हळू आवाजात. काहीही म्हणा, पण आज माझं ऐकून घ्या. मी अगदी कंटाळलेय.

माझं कूळ चांगलं. औषध न फवारलेल्या शेतातला कापूस, रंगाचा थेंब नाही, इलॅस्टिकमध्ये झाडाचं रबर आणि पाठीला करवंटीची बटणं. लेबलावर लिहिलंय, 'हवेशीर जागी, कोवळ्या उन्हात वाळवा. जीर्ण झाल्यावर मातीत पुरा.' दुसरं वाक्य सगळ्यांना फार आवडतं. पहिलं कोणी वाचत नाही.

ग्लेनिशा मडगावला नोकरी करते. तिथून तिने मला वेंगुर्ल्याला आणलं ते आईच्या अंगावरच्या पुरळामुळे. बर्नादेत काजूच्या कारखान्यात पत्र्याखाली बसून काजूगर सोलते. दिवसभर घाम, त्यात नायलॉनची घट्ट बॉडी. छातीखालची सालटं गेली होती. बावीस वर्षांचं काम सोडून घरी बसावं, असं तिच्या मनात येऊ लागलं होतं. डॉक्टरांनी मलम दिलं आणि कापड बदलायला सांगितलं.

मी आले आणि पंधरा दिवसांत पुरळ बसलं. फुशारकी मारत नाही, खरं तेच सांगते. बर्नादेतने तर येशूचे आभार मानले. माझे नाही मानले, पण ते असो.

मग पावसाळा लागला आणि माझे भोग सुरू झाले. या घरात कपडे वाळत घालायची एक रीत आहे. रस्त्याच्या बाजूला बर्नादेतच्या नवऱ्याच्या, आर्थरच्या, चड्ड्या आणि बनियन. बनियनला एवढी भोकं, की माशाचं जाळं बरं. त्यामागे चादरी, त्यामागे गाऊन. आणि सगळ्यांत मागे, न्हाणीघराच्या भिंतीला लागून, जाड ओल्या टॉवेलखाली मी. नायलॉन तिथेही वाळायचं. मी कापूस आहे हो, मला वारा लागतो! रोज सकाळी बर्नादेत मला अर्धी ओलीच अंगात घालायची. माझ्यावर काळे ठिपके आले. तिचं पुरळ परत आलं आणि दोष कोणाला? मला.

पाऊस सरला तरी टॉवेल काही हटला नाही. ऑक्टोबरात ग्लेनिशा घरी आली, तेव्हा आई कुदळ घेऊन कढीपत्त्याच्या बुंध्याशी उभी होती. मी तिच्या हातात. वय आठ महिने.

"तूच म्हणालंस मा, मातयेत घातल्यार खत होता? माका परत खाज सुटली. ह्येच्यापेक्षा नायलॉन बरो."

ग्लेनिशाने मला नाकाशी धरलं. "मम्मी, हिका कुबट वास येता. खंय सुकत घालतंस?"

"खंय म्हणजे? टॉवेलाखाली. लोक काय म्हणतले?"

"आणि पप्पाची बनियनां रस्त्यार?"

"तो बापयमाणूस गो."

"आणि पुरळ कोणाक येता?"

बर्नादेतने कुदळ खाली ठेवली. ग्लेनिशाने मला लिंबू-मीठ चोळलं, कढत पाण्यातून काढलं आणि थेट पुढच्या दोरीवर आर्थरच्या बनियनशेजारी लटकवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी रस्ता पाहिला.

नेमकी त्याच दिवशी पाच वाजता वाडीतली माणसं आमच्या अंगणात रोझरीच्या प्रार्थनेला यायची होती. पावणेपाचला बर्नादेत टॉवेल घेऊन धावत आली. मी मनात म्हटलं, संपलं. माझ्यासमोर ती थांबली. एका हातात टॉवेल, दुसऱ्या हाताने छातीखाली खाजवत होती. फाटकाशी माणसं दिसू लागली. तिने मला चाचपून पाहिलं. मी कोरडी होते, उबदार होते.

तिने टॉवेल उचलला आणि आर्थरच्या बनियनवर टाकला.

"ह्या काय गो?" पायरीवरून आर्थरने विचारलं.

"बनियनाक भोकां आसत," ती म्हणाली. "लोक काय म्हणतले?"

त्याला आता महिना झाला. माझे ठिपके पुरते गेलेले नाहीत, पण तिची कातडी बरी आहे आणि कारखान्यात ती आपल्या जागेवर बसते. बायांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखी एखादी टॉवेलखाली कुजत असेल. आम्हाला मातीत जायचंच आहे, त्याला आमची ना नाही. पण त्याआधी थोडं ऊन तरी बघू द्या.