खिडकीवरची घेवड्याची पिशवी

मी एक जुनी पिशवी आहे. हसलात ना? हसा, हसा. पण मित्रांनो, अमेरिकेत, नेवाडातल्या आमच्या डोंगरपायथ्याशी रानघोड्यांचे जे फोटो निघाले आणि लोकांनी वा वा करत भिंतींवर लावले, ते सगळे माझ्या पाठीवरून निघाले आहेत. कौतुक कॅमेऱ्याचं, ओझं माझं! जगाची रीतच आहे ती, मी मनाला लावून घेत नाही. म्हणजे, थोडंसं घेते.

माझा जन्म ऑरिनच्या जीन्सच्या डाव्या पायातून झाला. त्याची बायको व्हर्लीन ती विरलेली जीन्स फेकणार होती. मग तिच्या मनात काय आलं कोण जाणे, तिने तो पाय कापला, खालचं तोंड शिवलं, आत ठिपकेदार सुका घेवडा भरला आणि वरचं तोंडही शिवून टाकलं. ट्रकच्या उघड्या खिडकीवर मला टाकायचं आणि माझ्यावर कॅमेऱ्याचं लांबलचक भिंग टेकवायचं. हात थरथरला तरी फोटो हलत नाही.

"एवढ्या घेवड्याचं सूप झालं असतं," ऑरिन म्हणाला.

"तुझ्या जीन्समधलं सूप तूच पी," व्हर्लीन म्हणाली. माझं बारसं झालं ते असं.

आमचे खरे दिवस हिवाळ्याच्या तोंडावरचे. शिखरांवर पहिलं बर्फ पडलेलं असायचं. घोड्यांच्या अंगावर दाट केस यायचे आणि नाकातून वाफा निघायच्या. कुंपणाच्या खांबावर गरुड बसलेला असे, करड्या झुडपांतून एखादा कोल्हा आमच्याकडे तुच्छतेने बघून निघून जाई. मला मात्र घोडेच आवडायचे. थंडीत ते एकमेकांच्या मानेवर मान ठेवून उभे राहायचे. तेव्हा व्हर्लीनचा श्वास थांबायचा आणि तिचं कोपर माझ्यात रुतायचं. त्या कोपराची ऊब मला अजून आठवते.

आमच्या भागात एक पद्धत आहे. शिंगराचा पहिला फोटो जो काढेल, त्याने त्याचं नाव ठेवायचं. आणि ऑरिनचा एक नियम होता. ट्रकमधून उतरायचं नाही, आणि घोड्याला खायला काही म्हणजे काही द्यायचं नाही. घोडा जवळ आला तर काच वर करायची आणि निघायचं. ऑरिनने उभं आयुष्य हायवेच्या देखभालीच्या कामात घालवलं होतं. माणसाच्या हातचं खाऊन सोकावलेले घोडे गाड्यांपुढे येऊन मरतात. त्यांना रस्त्यावरून उचलायचं काम त्याचंच होतं. त्याबद्दल तो फार बोलायचा नाही.

एका वर्षी एक शिंगरू अवेळी जन्माला आलं. बाकीची वसंतात झालेली, ही बया शरदात! पहिला फोटो व्हर्लीनने काढला आणि रंगावरून तिचं नाव ठेवलं बिस्किट. थंडी सुरू झाली तशी तिच्या आईचं दूध आटत गेलं. दाट केसांखालूनही बिस्किटच्या फासळ्या दिसू लागल्या.

"ऑरिन, एकच सफरचंद," व्हर्लीन काकुळतीला आली.

"काच वर घे, बाईसाहेब."

"तुला काळीजच नाही."

"आहे. म्हणूनच म्हणतोय."

पण मग ऑरिनचा गुडघा सुजला आणि तो घरी राहिला. व्हर्लीन एकटी निघाली तेव्हा तिच्या कोटाच्या खिशात सफरचंदाच्या फोडी होत्या. मला वास आला होता. मी पिशवी, काय करणार? बिस्किटने आधी मान ताणली, मग एक पाऊल टाकलं आणि फोड उचलली. तिचे मऊ ओठ व्हर्लीनच्या तळव्याला लागले आणि व्हर्लीन लहान मुलीसारखी खुदकन हसली. खोटं कशाला बोलू, मलाही त्या क्षणी फार बरं वाटलं. पुढे ट्रकचा आवाज ऐकला की बिस्किट दुडकत यायची.

असे फोटो कुणी काढले नव्हते! पापण्यांवरचं दव, नाकपुडीवरची लव, सगळं दिसायचं. गावच्या वाचनालयात बिस्किटचा मोठा फोटो लागला. ऑरिन काठी टेकत बघायला आला. मीही होते, व्हर्लीनच्या झोळीत. तो फोटोच्या अगदी जवळ गेला.

"फार लांबून काढलास का गं?" त्याने विचारलं.

"बऱ्याच लांबून."

"तिच्या डोळ्यात बघ. आपला ट्रक दिसतोय. खिडकीवर ही निळी पिशवी आहे. आणि बाहेर आलेला हात आहे, व्हर्लीन."

तो ओरडला असता तर परवडलं असतं. तो फक्त घरी चल म्हणाला.

दोन दिवसांनी टपाल वाटणारी मर्ना आली ती दारातूनच ओरडत. "अगं ए, तुझं ते बिस्किट हायवेवर उभं आहे! गाड्या अडवतंय, लोक चिप्स चारतायत. मी आत्ता हॉर्न वाजवून हाकललं. पण मी किती वेळा हाकलू?"

पुढे काय होतं ते व्हर्लीनला ठाऊक होतं. एक तर गाडी उडवते, नाही तर सरकारी माणसं दोर घेऊन येतात आणि रानातून कायमचं नेतात.

दुसऱ्या दिवशी दोघंही निघाले. बर्फ भुरभुरत होतं. ट्रक दिसताच बिस्किट कान टवकारून धावत आली.

"तू हाकल," व्हर्लीन म्हणाली. "माझ्याने नाही होणार."

"माझा काय उपयोग? तिला हात तुझा माहीत आहे. भीतीही त्याच हाताची बसली पाहिजे."

व्हर्लीन पहिल्यांदा ट्रकमधून खाली उतरली. "हट्! जा! चालती हो!" बिस्किटला वाटलं, खेळ चाललाय. ती आणखी जवळ आली आणि कोटाच्या खिशात नाक खुपसू लागली. तेव्हा व्हर्लीनने मला खिडकीवरून उचललं आणि डोळे मिटून फेकलं.

मी बिस्किटच्या खांद्यावर आदळले, मित्रांनो. ज्या पाठीवर मी आयुष्यभर प्रेम पेललं, तिच्याच शिवणी त्या मुक्या लेकराच्या अंगावर उसवल्या. घेवडा चौफेर उडाला. बिस्किट दचकून पळाली. थोड्या अंतरावर थांबून तिने मागे वळून बघितलं आणि हळूच खिंकाळली. का गं? असंच विचारत होती ती.

"जा म्हणते ना!" व्हर्लीन रडत ओरडली आणि तिने एक दगड उचलून फेकला. मुद्दाम बाजूला फेकला, पण बिस्किटला ते काय ठाऊक! ती पलीकडे थांबलेल्या आईमागोमाग टेकडी चढून गेली.

मग व्हर्लीन बर्फात गुडघ्यांवर बसली आणि घेवडा वेचू लागली. कच्चा घेवडा घोड्यांनी खाल्ला तर पोटात दुखतं. ऑरिनही सुजल्या गुडघ्याने कण्हत कण्हत शेजारी बसला.

"तू कशाला? पाय दुखेल."

"दुखू दे. जीन्स माझी आहे," तो म्हणाला.

पुढे कित्येक दिवस दोघं तिथे जाऊन पातेली बडवत राहिली. मग त्यांनी त्या बाजूला जाणंच सोडलं. बिस्किट हायवेवर दिसली नाही. पण त्या अशक्त पोरीने हिवाळा काढला की नाही, हे कुणालाच कळेना. व्हर्लीनने मला ठिगळ लावलं, पण कपाटात टाकलं. मी वर्षभर अंधारात पडून होते.

पुन्हा पहिलं बर्फ पडलं तेव्हा ऑरिनने मला बाहेर काढलं, झटकलं आणि व्हर्लीनच्या मांडीवर ठेवलं. "चल. काय असेल ते बघून येऊ."

कळप लांब उतारावर होता. व्हर्लीनचं कोपर माझ्यात रुतलं. भिंग एकेका घोड्यावरून सरकत गेलं आणि थांबलं. बिस्किटाच्या रंगाची एक धडधाकट घोडी मान वर करून आमच्या ट्रककडे बघत होती.

तिने आम्हाला ओळखलं आणि शेपटी उडवून ती जी उधळली, ती टेकडीपलीकडेच!

"पळाली!" व्हर्लीन हसत होती आणि गालांवरून पाणी वाहत होतं. "ऑरिन, पळाली रे! मला बघून पळाली!"

त्या वेळी निघालेला फोटो स्वयंपाकघरात लावला आहे. त्यात अर्धवट शेपूट आणि उधळलेलं बर्फ आहे, बस्स. पाहुणे विचारतात, "यात घोडा कुठाय?"

"गेला," व्हर्लीन अभिमानाने सांगते.

मित्रांनो, रानातलं कुणी आवडलं तर जरूर बघा, डोळे भरून बघा. पण हात खिशातच असू द्या. त्याने तुमच्याकडे पाठ फिरवली तर रागावू नका. पाठ फिरवलेल्यावरही प्रेम करता येतं, हे मलाही ठिगळ लागल्यावरच कळलं.