तीन नंबरची चाळणी

माझी बायको मन्नुबिया गेली, तिच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला मी पाकिटातला कुसकुस घालायचं ठरवलं, तेव्हा ट्युनिसहून आलेली तिची बहीण वसीला भडकली.

"दाजी, लाज नाही वाटत? ताईने जन्मात पाकीट घरात आणलं नाही!"

खरं होतं. आमच्या बेजा गावात उन्हाळा आला की बायका रवा हाताने वळून वर्षभराचा कुसकुस करून ठेवतात. पाकीट आणणारी ती आळशी. मन्नुबियाही तसंच म्हणायची, आणि तिचा नवरा, म्हणजे मी, एकतीस वर्षं पाकिटाच्याच कारखान्यात.

मी सनाबिल कंपनीत लागलो तेव्हा गिरणीमागे दोन खोल्या होत्या आणि चार चाळण्या. आता अकरा आहेत, एकेक घराएवढी. आमचा माल मार्सेयला जातो, डाकारला जातो. तीन नंबरची चाळणी माझी; तिच्या मालाच्या पाकिटावर तारखेखाली तीनचा आकडा छापलेला असतो. एकदा तिची जाळी नखभर फाटलेली दिसली. मी मशीन बंद केलं आणि सकाळपासूनचा सगळा माल परत चाळायला लावला. ट्रक दिवसभर रिकामे उभे. मालक आले, दाणे तळहातावर घेऊन पाहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तिजानीने केलं तेच करायचं." लोक आमचं पाकीट डोळे मिटून घेतात, ते उगाच नाही.

तरी शुक्रवारी घरी ताट पुढे आलं की मीच म्हणायचो, "हातचा तो हातचा. आमच्या मशीनला हे जमायचं नाही." ती हसायची.

"मी वळते ना, शेजारणी येतील मदतीला," वसीला म्हणाली.

"तिच्या नावाने माझ्या हातचं जायला हवं. माझ्या हातचं म्हणजे हेच."

मी असं म्हणालो खरं, पण मला स्वतःलाच धाकधूक होती. गेलेल्या बायकोचा शब्द मोडतोय, असं वाटत होतं.

गल्लीतल्या खमीसच्या किराणा दुकानात जाऊन तीस पाकिटं मागितली. तो एकेक उलटं करून बघत बसला.

"काय शोधतोस रे?"

"तीन नंबर. तारखेखाली असतो ना? काकूंना दुसरं चालायचंच नाही."

"कुठल्या काकूंना?"

खमीस ओशाळला. "तुमच्याच, काका. तीन वर्षं झाली. त्यांची बोटं वळत नव्हती. पाकिटं इथेच फोडायच्या आणि डब्यात ओतून न्यायच्या. म्हणायच्या, ह्यांना सांगू नकोस, डोक्यावर चढून बसतील."

मी दिवसभर कारखान्यात. ती कधी वळते, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. तीन वर्षं दर शुक्रवारी मी माझ्याच चाळणीचा माल खाल्ला होता आणि तिच्या हाताची तारीफ केली होती. आमच्या मालाला याहून मोठी शाबासकी कोणी दिली नसेल. मी तिथेच पोत्यावर बसलो आणि रडलो. मग हसूही आलं.

चाळिसाव्याला सगळी गल्ली जेवली. कुसकुस कुठला आणि मन्नुबिया काय करायची, ते मी सगळ्यांना मोठ्याने सांगितलं. बायका तोंडावर पदर धरून हसल्या.

"ताई बरी लबाड निघाली!" वसीला डोळे पुसत म्हणाली. तिने दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

निघताना तिने पिशवी पुढे केली. "दाजी, चार पाकिटं द्या. आणि नंबर बघून द्या."

ते पाहायला मला चष्मा लागतो. तो शोधून आणला आणि चारही पाकिटं तिच्यासमोर उलटी करून दाखवली.