खुंट्यावरचा दुसरा फास

आमच्या काठावर रीत सरळ आहे. ज्याच्या नावेचा दोर खुंट्याला, तो आपल्या नावेचा मालक, त्याचे उतारू त्याचे. ज्याची नाव दुसऱ्याच्या नावेला बांधलेली, त्याच्या वाट्याला उरलेसुरले उतारू. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी नवरा गेल्यावर महिनाही उलटला नाही, तोच धाकटे दीर मला म्हणाले, "वहिनी, तुमची नाव आता माझ्या नावेला बांधत जा. बाईमाणसाला कशाला हवी काठावरची यातायात?"

काय ती माया! नवरा अंथरुणाला खिळला होता तेव्हा ही नाव मीच वल्हवत होते. तेव्हा माझी यातायात कुणाच्या डोळ्यांत भरली नाही. मी त्यांना तोंडावर सांगितलं की जमणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी उतारू पलीकडे सोडून परत आले, तर आमच्या खुंट्यावर दिरांचा नवाकोरा दोर. स्वतः शेजारी हाताची घडी घालून उभे.

"जागा नाही, वहिनी. तुम्ही वरून फास टाकलात की माझा खाली अडकणार. ते मी चालू देणार नाही."

वरच्या पायरीवर सासूबाई बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, जाऊ दे ना. घरातच राहतंय सगळं."

"घरातच राहतंय, पण माझ्या हातात काय राहतंय?" मी म्हटलं.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता, पण हात शांत होते. नावेचं तोंड प्रवाहाकडे केलं, पुढच्या दोराचा फास घेऊन काठावर उतरले. वरून टाकला नाही. वाकले, दिरांच्या फासातून माझा फास खालून वर ओढून घेतला आणि मग खुंट्यावर चढवला. पाणी चढलं तर नाव ओढली जाऊ नये म्हणून दोराला थोडी ढील दिली. मागचा दोर झाडाला बांधला.

"आता काढून बघा तुमचा," मी म्हटलं. "अडकतोय का ते तरी कळेल."

दीर हसले. मला तोंडघशी पाडायची ही संधी ते सोडणार थोडेच? त्यांनी फास उचलला. तो अलगद निघाला. माझा जागचा हलला नाही.

आता खुंट्यावर माझा एकटीचा दोर होता, आणि त्यांच्या नावेचं तोंड प्रवाहात वळू लागलं होतं. दोर हातातून ओढ घ्यायला लागला, तसे ते घाईघाईने फास वरून टाकायला धावले. मी खुंट्यावर पाय ठेवला.

"वरून नाही, भावजी. माझा खाली अडकेल. ते मी चालू देणार नाही."

त्यांनी आईकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" सासूबाई म्हणाल्या. "वाक. नाव चालली तुझी."

ते वाकले. त्यांचा फास माझ्या फासातून वर आला, तेव्हा मी पाय काढला.